लिलीपाँड: रिलेटिव्ह की ॲब्सोल्युट? सुरांचं सप्तक सारखं घसरतंय

पेटीवाला_७२: मंडळी, लेकीच्या व्हायोलिनसाठी पेटीवरची एक गत लिलीपाँडमध्ये (टाईप करून नोटेशन छापायचं सॉफ्टवेअर) उतरवतोय, सा म्हणजे सी धरलाय. रिलेटिव्हमध्ये सी जी टाईप केलं तर पंचम मंद्रातला आला. म्हणून जी ला वरचं टिंब, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी दिली आणि तेच सा प सा प चार वेळा कॉपी पेस्ट केलं, तर सूर दर वेळी एकेक सप्तक वर चढत स्टाफच्या पार बाहेर! काय चुकतंय? की सरळ ॲब्सोल्युटला जाऊ, प्रत्येक सुराचं सप्तक स्वतंत्र लिहून?

तीव्रमध्यम: चुकत काहीच नाहीये. रिलेटिव्ह आधीच्या सुरापासून जवळचा सूर घेतं, आणि जवळचा म्हणजे नावं मोजून. सा वरून वर प पाचवा पण खाली सा नि ध प चौथा, म्हणून खालचा. तुम्ही प वर नेलात, तिथून वरचा सा चौथा पडतो, मग तो वरच जाणार ना. परतीच्या सी ला स्वल्पविराम द्या, उतरेल. आणि हो, कोमल तीव्र मोजणीत धरत नाही, सी नंतर फिस (एफ शार्प) लिहा वर जाईल, गेस (जी फ्लॅट) लिहा खाली जाईल, पेटीवर पट्टी एकच असली तरी 😄

रियाजचुकार: मी तर वैतागून फिक्स्डवर (ॲब्सोल्युटचाच प्रकार) आलो बाबा. आपल्याला भातखंडे पद्धतीत फक्त मंद्र आणि तार सुरांना टिंब द्यायची सवय, तसंच ते. एकदा सप्तक सांगायचं, मग बाहेरच्या सुरांनाच खुणा. मधली ओळ उडवली तरी पुढचं हलत नाही, रिलेटिव्हमध्ये एक खूण विसरलात की तिथून शेवटपर्यंत सगळं सप्तकभर सरकलेलं.

तीव्रमध्यम: ताना, पलटे असले तर रिलेटिव्हच बरं, खुणा जवळपास लागतच नाहीत. फक्त दर ओळीच्या पहिल्या सुराला ऑक्टेव्ह चेक लावा, म्हणजे बरोबरचं चिन्ह (=) आणि मग खरी खूण. चुकलं तर लॉगमध्ये वॉर्निंग येते आणि सूर जागेवरही येतो. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) असेल तर पुढचा सूर तिच्या पहिल्या सुरापासून मोजतात, शेवटच्या नाही, मी यात एक अख्खा रविवार घालवलाय.

रियाजचुकार: आणि टाईप झालेलं फेकू नका, फ्रेस्कोबाल्डीत (लिलीपाँडसाठीचा एडिटर) रिलेटिव्हचं ॲब्सोल्युट करून मिळतं.

पेटीवाला_७२: स्वल्पविराम दिला, उतरला सा! गत रिलेटिव्हमध्येच ठेवतो चेक लावून, शेवटचा जलद भाग, म्हणजे झाला, तेवढा फिक्स्डमध्ये करतो, त्यात उड्या फार आहेत. आता लेक म्हणतेय तिला सा डी वरून हवाय 🤦