केरळचं लॉटरीचं तिकीट, राहायला ठाण्यात: बक्षीस कुठे आणि कसं मागायचं?

कळवेकर_पूर्व
मामांनी एर्नाकुलमला स्टेशनबाहेर केरळ राज्य लॉटरीचं तिकीट घेतलं होतं, त्याला 5 लाखांचं बक्षीस लागलंय. शिवाय ठाण्यात घेतलेल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या तिकिटाला 12,000 लागलेत. दोन्ही तिकिटं महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या वाशीच्या कार्यालयात चालतील का? कागदपत्रं काय लागतील आणि हातात नक्की किती पडतील?

खाडीपलीकडचा
वाशीला फक्त महाराष्ट्राचं चालेल. ज्या राज्याने तिकीट छापलं, पैसे तेच राज्य देणार. तुम्ही राहता कुठे आणि तिकीट घेतलं कुठे, याचा संबंध नाही. 1998 चा केंद्राचा कायदा सगळ्यांना एकच आहे, पण बक्षीस मागायची मुदत ठरवणं त्याने राज्यांवर सोडलंय आणि मुदतीत न मागितलेली रक्कम त्या-त्या सरकारजमा होते. म्हणून आधी तिकिटाची मागची बाजू वाचा. मुदत, पत्ता, अटी सगळं तिथे बारीक अक्षरात असतं.

महाराष्ट्राचं 10,000 पर्यंतचं बक्षीस विक्रेताच देतो. मामांचं 12,000 चं आहे, म्हणजे वाशीचं कार्यालय. मूळ तिकीट, अर्ज, पॅन, आधार आणि बँकेचा रद्द केलेला चेक घेऊन जा.

पण त्याआधी आज एक काम करा. दोन्ही तिकिटांच्या मागे मामांना नाव, पत्ता आणि सही करायला सांगा. सही होईपर्यंत तिकीट ज्याच्या हातात, बक्षीस त्याचं. बॉलपेनने लिहा, नंबर आणि बारकोडवर शाई जाऊ देऊ नका. लॅमिनेशन तर मुळीच नको. तिकीट जपायचं म्हणून लोक ते करतात आणि मग खरं-खोटं तपासताना अडकतात. दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढून तिकीट साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा.

नोटरी_नाका
केरळचं मी सांगतो. तिथे 5,000 पर्यंत दुकानात, 1 लाखापर्यंत जिल्हा लॉटरी कार्यालयात आणि त्यावर तिरुवनंतपुरमला विकास भवनातल्या लॉटरी संचालनालयात. तुमचे 5 लाख, म्हणजे संचालनालय. मुदत सोडतीपासून 30 दिवस. उशीर झाला तर सबळ कारण आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. त्या भरवशावर राहू नका.

निकाल वर्तमानपत्रात पाहिला असेल तर केरळच्या राजपत्राशी नंबर पुन्हा ताडून घ्या. नंबरच्या आधीची दोन अक्षरी मालिकासुद्धा पाहा. नंबर तोच पण मालिका वेगळी असली तर मोठं बक्षीस नसतं.

कागद असे: अर्ज, सही केलेलं मूळ तिकीट, त्याच्या दोन्ही बाजूंच्या साक्षांकित झेरॉक्स, दोन साक्षांकित पासपोर्ट फोटो, विहित नमुन्यातली पावती (1 रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही), ओळखपत्र, पॅन. राज्याबाहेरच्या माणसाला साक्षांकन नोटरीकडून लागतं. कोर्ट नाक्यावर नोटरी पायलीला पन्नास मिळतील, पण घोळही तिथेच होतो. घाईत नुसता गोल शिक्का मारतात; नाव, सही किंवा तारीख राहून जाते. प्रत्येक झेरॉक्सवर आणि दोन्ही फोटोंवर शिक्का, सही आणि नाव उमटलंय ना, हे तिथेच उभं राहून बघा.

आणखी एक. केरळचं तिकीट केरळबाहेर आणि ऑनलाइन विकायला परवानगी नाही. त्यामुळे बाहेरच्या विजेत्याकडे लेखी खुलासा मागतात: केरळला कशासाठी आला होतात, तिकीट कुठे घेतलंत. मामांचं रेल्वेचं तिकीट, हॉटेलचं बिल सापडत असेल तर जोडा.

स्वतः जायचं नसेल तर बँकेमार्फत पाठवता येतं. शाखेला अधिकारपत्र द्यायचं. बँक तिकीट ताब्यात घेतल्याचं आणि वसुलीचं प्रमाणपत्र जोडून पुढे पाठवते. ठाण्यातल्या बहुतेक शाखांना हा प्रकार नवा असतो, काउंटरवर ‘आमच्याकडे होत नाही’ हेच ऐकू येईल. थेट शाखा व्यवस्थापकाला भेटा आणि तिकीट दिल्याची पोच नंबरासकट लेखी घ्या. तिकीट साध्या टपालाने कधीच नको.

हिशेबनीस
आता आकडे. केरळात बक्षिसातून एजंटचं 10 टक्के कमिशन आधी कापतात, मग 30 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर. 5,00,000 मधून 50,000 गेले, उरले 4,50,000. त्यावर टीडीएस 1,35,000. हातात 3,15,000. 2022 च्या ओणम बंपरमध्ये 25 कोटींचे हातात 15.75 कोटी झाले, ते याच हिशेबाने.

कर इथे संपत नाही. टीडीएसमध्ये 4 टक्के उपकर धरलेला नसतो, तो स्वतः भरायचा: 1,35,000 वर 5,400. एकूण उत्पन्न 50 लाखांपुढे गेलं की अधिभारही लागतो. बंपरवाले तिथेच फसतात, कारण तोवर खात्यातले पैसे खर्च झालेले असतात. महाराष्ट्राच्या 12,000 वर टीडीएस 3,600.

मामांचं बाकी उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलं तरी लॉटरीवर 30 टक्के लागतोच, त्यातून कसलीही वजावट नाही. विवरणपत्र सहज म्हणजे आयटीआर-1 मध्ये चालत नाही, आयटीआर-2 भरा. अर्जावर पॅन नीट लिहा. तो चुकला तर कापलेला कर 26एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या तुमच्या नावावरच्या करनोंदीत, दिसत नाही आणि जमा मागताना नाकी नऊ येतात.

कळवेकर_पूर्व
सगळ्यांचे आभार. एकाने तिकीट रोखीत विकत घ्यायची तयारी दाखवलीय, कर कापून मिळतील त्यापेक्षा 20,000 जास्त देतो म्हणतो. आणि व्हॉट्सॲपवर ‘5,000 प्रोसेसिंग फी भरा’ असा मेसेजही आलाय.

हिशेबनीस
फी मागणारा शंभर टक्के भामटा. खरा कर बक्षिसातूनच कापतात, आधी भरायला कोणी सांगत नाही. तिकीट विकत घेणाऱ्याला स्वतःचा काळा पैसा बक्षीस म्हणून पांढरा करायचा असतो. त्यात मामांकडे 3,35,000 रोख येणार, ती कुठून आली याचा कागद शून्य. आणि तिकिटाचा फोटो कोणत्या ग्रुपवर टाकला असेल तर आधी काढा.