पिक्सी स्टोयकोविच: प्रशिक्षक म्हणून नापास?

कॉर्नर_फ्लॅग:
ऑक्टोबर २०२५ मध्ये घरच्या मैदानावर, लेस्कोवात्सला, सर्बिया फुटबॉलमध्ये अल्बानियाकडून ०-१ हरली आणि प्रशिक्षक द्रागान स्टोयकोविचने (टोपणनाव पिक्सी) राजीनामा दिला. त्याआधी महिनाभरच बेलग्रेडमध्ये इंग्लंडने ५-० धुतलं होतं. तेव्हापासून सगळे म्हणताहेत, खेळाडू थोर, प्रशिक्षक सामान्य. मला हे अन्यायाचं वाटतं. जपानच्या नागोया ग्राम्पस क्लबला तिथल्या जे-लीगचं पहिलं विजेतेपद २०१० मध्ये त्यानेच मिळवून दिलं. पुढच्या वर्षी तेच एका गुणाने हुकलं. खेळाडू म्हणून सात वर्षं तिथे काढली, त्यातला काही काळ नामवंत प्रशिक्षक आर्सेन वेंगरच्या हाताखाली. ज्या क्लबने त्याला जपलं, त्याला त्याने लीग जिंकून दिली. आणि लोक चर्चा कशाची करतात, तर २००९ मध्ये प्रशिक्षक म्हणून रेषेबाहेर उभा असताना बाहेर आलेला चेंडू त्याने साध्या बुटाने थेट जाळ्यात मारला त्याची!

मधली_फळी:
नागोयाचं मान्य, पण राष्ट्रीय संघाचा हिशोब तिथल्या ट्रॉफीने फिटत नाही. मित्रोविच, व्लाहोविच, तादिच, सर्गेय मिलिन्कोविच-साविच एकाच संघात. असा संच सर्बियाला पुन्हा कधी मिळणार? २०२२ चा विश्वचषक आणि २०२४ चा युरो (युरोपीय देशांची स्पर्धा) धरून सहा सामने, विजय शून्य. विश्वचषकात कॅमेरूनविरुद्ध ३-१ पुढे असताना बचावफळी इतकी वर ठेवली की त्यांचा आघाडीवीर आबूबाकार मागच्या मोकळ्या जागेत पळत सुटला. काही मिनिटांत ३-३. स्वित्झर्लंडविरुद्धही २-१ पुढे होते, हरले ३-२. एकदा झालं तर नशीब म्हणू. लागोपाठ दोनदा झालं, म्हणजे प्रशिक्षकाने काही बदललंच नाही.

शेवटची_शिट्टी:
मधली_फळी यांच्याशी सहमत. शिवाय स्लोव्हेनियाविरुद्ध आपल्या योविचने ९५व्या मिनिटाला गोल केला नसता तर युरोतून एकच गुण घेऊन परतले असते.

कॉर्नर_फ्लॅग:
पण त्या युरोपर्यंत संघाला नेलं कोणी? स्वतंत्र सर्बियाचा तो पहिलाच युरो होता. आणि १४ नोव्हेंबर २०२१ ची लिस्बनची रात्र आठवा. पोर्तुगालला बरोबरी पुरेशी होती, सर्बियाला जिंकणं भाग होतं. दुसऱ्याच मिनिटाला गोल खाल्ला. तादिचने बरोबरी केली. मध्यंतराला स्टोयकोविचने व्लाहोविचच्या जोडीला मित्रोविच उतरवला आणि त्यानेच ९०व्या मिनिटाला डोक्याने गोल केला. विश्वचषकात थेट प्रवेश! दुसरा कोणी असता तर बिचकला असता.

मधली_फळी:
माझं म्हणणं तेच आहे. मागे पडल्यावर तो उत्तम, पुढे असताना काय करायचं ते त्याच्याकडे नव्हतं. लिस्बनमध्ये फळलेली हीच पुढे झेपावण्याची ओढ कॅमेरूनविरुद्ध नडली. स्वभावाला मुरड घालणं हे प्रशिक्षकाचं कामच आहे, आणि ते साडेचार वर्षांत झालं नाही.

कॉर्नर_फ्लॅग:
कॅमेरूनचा सामना मी त्याच्या खात्यात टाकतो, ती चूक त्याचीच. पण नापास मी म्हणणार नाही. १९९० च्या विश्वचषकात युगोस्लाव्हियाकडून खेळताना स्पेनविरुद्ध त्याने दोन गोल मारले आणि पुढच्याच सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध त्याची पेनल्टी हुकली. १९९२ चा युरो युगोस्लाव्हियावरच्या निर्बंधांमुळे त्याच्या पिढीला खेळताच आला नाही. एवढं सोसल्यावर, आघाडी असताना मागे सरायचं त्याला कधी सुचलं नाही, हे मला समजू शकतं.

मधली_फळी:
समजू मलाही शकतं. पण गुणतक्त्यात ते कुठे मांडायचं?