अर्ज करून विद्यार्थी सदस्य? मग आमचं मत कुठे गेलं?

गिरणाथडी: परवा इथे एकाने लिहिलं, 'विद्यार्थी निवडणुका म्हणजे राडा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठासारखे अर्ज मागवा, मुलाखत घ्या, हुशार पोरगा विद्यापीठाच्या मंडळावर बसवा.' वाचून डोकं तापलं. तिथे 1975 पासून विद्यार्थी रीजंट, म्हणजे कारभारी मंडळाचा विद्यार्थी सदस्य, अर्ज-मुलाखतीतून येतो हे खरं. पण त्याला मत असतं, आणि त्याआधी तो मताशिवाय बसून काम शिकतो. हे का गाळलं? आपल्याकडे 2016 च्या महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव अधिसभेवर, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटवर, जायला हवेत, पोरांच्या मतांवर. 2019 ला निवडणुकीचं वेळापत्रक निघालं आणि पुढे ढकललं. जी निवडणूक झालीच नाही, तिच्या माथी राडा मारता?

पांझराकाठ: ते मीच लिहिलंय, आणि मागे घेणार नाही. 1994 च्या कायद्याने थेट निवडणुका उगाच बंद केल्या नव्हत्या. माझ्या काकांचं कॉलेजच्या निवडणुकीत डोकं फुटलं, टाके पडले, वर्ष वाया गेलं. पॅनल पोरं उभं करत नाहीत, गावातले पुढारी करतात. गाड्या त्यांच्या, जेवणावळी त्यांच्या. गरिबाघरच्या पोरीने काय करावं? अर्ज तरी ती स्वतः भरू शकते.

गिरणाथडी: आणि मुलाखत कोण घेणार? तेच पुढारी! काय सांगस भाऊ!

धडगावची: तुम्ही दोघं जळगाव-धुळ्याचे, म्हणून एवढं सुचतं. माझ्या बहिणीच्या मार्कशीटवर नाव चुकलं. पहाटेची गाडी धरून घाट उतरून नंदुरबार, तिथून पुढे जळगाव. विद्यापीठात पोचली तोवर दुपार. खिडकीवर सांगितलं, 'आधी कॉलेजचं पत्र आणा.' परतीची गाडी चुकली, रात्र नातेवाइकांकडे काढली. अकराच्या बैठकीला आमचा सदस्य कसा पोचणार ते आधी सांगा.

केळीपट्टा_रावेर: ताई, 1990 च्या आधी आमच्या वडिलांना याच कामाला पुण्याला जावं लागायचं. जळगावला विद्यापीठ आलं ते याचसाठी ना?

धडगावची: दादा, तुमचं पुणे जवळ आलं. आमचं कुठे आलं? नंदुरबार जिल्हा 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला, तरी एका अक्षराच्या दुरुस्तीला पोरीने दोन दिवस मोडायचे?

पांझराकाठ: धुळ्यालाही सगळं जवळ नाही, हं. आमच्या पोरांनी किती तास बसस्टँडवर काढायचे?

केळीपट्टा_रावेर: प्रत्येक धाग्यात धुळ्याचं रडगाणं! विषय विद्यार्थी सदस्याचा आहे.

धडगावची: विषय हाच आहे! अधिसभेत खिडकीवरचा हा त्रास कोण बोलणार? जिच्यावर बेतलंय तीच. मुलाखतीत फाडफाड इंग्रजी बोलणारा निवडाल, तर तो आमच्या आश्रमशाळेतल्या पोरींचं काय सांगणार?

पांझराकाठ: हे पटतंय, नाइलाजाने म्हणा. पण मतांवर तरी धडगावची पोरगी येईल का? मतदार कुठे जास्त, ते तुम्हालाही माहीत आहे.

गिरणाथडी: येणार नाही कदाचित, तेवढं मानतो. म्हणून मत काढून घ्यायचं? प्रत्येक जिल्ह्याला एक जागा राखा, निवडणूक घ्या, खर्चाला मर्यादा घाला. खर्चाच्या मर्यादेचं तर विद्यार्थी निवडणुकांवरच्या लिंगडोह समितीने 2006 लाच सांगून ठेवलंय.

धडगावची: आणि येण्याजाण्याचं भाडं विद्यापीठाने आधी हातात द्यावं. बिलं लावून सहा महिने वाट बघायची आमच्या घरी सोय नाही.

पांझराकाठ: भाड्याचं मान्य. राड्याचं उत्तर मात्र अजून कोणी दिलं नाही.