केबल जाड, तरी पूल डुलतोच

"केबल जाड घेतली की झुलता पूल डुलणार नाही" हे म्हणणं अर्धंच खरं. तुटायची भीती जाते, डुलणं राहतंच. चालताना आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, पण डावीकडे-उजवीकडे असा आडवा हेलकावा सेकंदाला एकदाच पूर्ण होतो. पुलाची आडवी वारंवारता (तो स्वतःहून सेकंदाला किती वेळा आडवा डुलतो) त्याच्या आसपास असली की संपलंच! लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला, तो याचमुळे. पूल जरा हलला की लोक तोल सावरायला पाय फाकवून त्याच्याच तालात चालू लागतात, झोका आणखी वाढतो. (कवायत कुणी सांगितलेली नसते!) तिथे शेवटी डॅम्पर (झोका जिरवणारी उपकरणं) बसवले, तेव्हा २००२ मध्ये पूल पुन्हा सुरू झाला. अरुंद, लांब पुलाला दोन्ही बाजूंनी ताणाचे तिरके दोर का बांधतात, तेही याच हिशोबात बघा.