गडद ठिपका म्हणजे उगम नव्हे
वरच्या पोस्टमध्ये बेसॉल्ट खडकातल्या विहिरींच्या नायट्रेटचा क्रिगिंग नकाशा (मोजलेल्या विहिरींवरून मधल्या जागांचे आकडे अंदाजणारा) काढून सर्वांत गडद, म्हणजे सर्वाधिक नायट्रेटच्या, जागेलाच प्रदूषणाचा उगम ठरवलंय. घाई होतेय. आधी उघड्या विहिरी आणि बोअर वेगळ्या करा. मुरमातलं पाणी आणि खालच्या भेगांतलं पाणी एकाच व्हेरिओग्राममध्ये (अंतरानुसार आकड्यांतला फरक कसा वाढतो, त्याचा आलेख) घातलं की नगेट, म्हणजे अगदी जवळच्या विहिरींतही दिसणारा फरक, फुगतो. आकड्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घ्या, नाहीतर उकिरड्याशेजारची एकच विहीर सगळा आलेख ओढते. रिपोर्टमधलं एककही तपासा: नायट्रोजन म्हणून दिलेला आकडा ४.४३ ने गुणल्याशिवाय पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटच्या लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेशी ताडता येत नाही. मग नकाशा पाणीपातळीच्या उतारावर ठेवा. उगम गडद पट्ट्याच्या वर, पाणी येतं त्या अंगाला, विहीरच नसलेल्या जागीही असू शकतो. तिथे क्रिगिंगचा व्हेरियन्स, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, जास्त दिसेल. पुढचे नमुने तिथलेच घ्या. रासायनिक खत की सांडपाणी, हे मात्र नकाशावरून कळणार नाही; नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा जड समस्थानिक) तपासला तर अंदाज येईल, पण तेवढ्यावरच पक्कं ठरवू नका.