उपनगरात घर घेण्याआधी नेमकं काय मोजायचं?

अंगणवेडा:
शहरापासून रेल्वेने पाऊण तासावरच्या उपनगरात घर घ्यायचा विचार आहे. तेवढ्याच पैशात एक खोली जास्त मिळते, खिडकीबाहेर झाडं आहेत, मुलांना खाली खेळायला जागा आहे. नोकऱ्या मात्र दोघांच्याही शहरातच राहणार. "शांतता मिळते, पण प्रवासात जीव जातो" हे मोघम उत्तर सगळेच देतात. घर पक्कं करण्याआधी काय तपासावं आणि कसं, ते जाणकारांनी सांगावं.

रूळवाट:
"पाऊण तास" हा स्थानक ते स्थानक वेळ झाला. तुम्हाला दार ते दार वेळ हवा. माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे स्थानक १.२ किलोमीटरवर असेल तर १५ मिनिटं तिथेच गेली. गाडी दर १० मिनिटांनी असेल तर थांबण्याची सरासरी ५ मिनिटं. गाडीत ४५. मध्ये गाडी बदलायची असेल तर जिना, फलाट आणि पुन्हा थांबणं मिळून १० धरा. उतरल्यावर ऑफिसपर्यंत आणखी १०. पाऊण तासाची ८५ मिनिटं झाली!

आता त्याच उपनगरात स्थानकापासून ४०० मीटरवरचं घर आणि गाडी न बदलता पोचता येईल असा मार्ग घ्या: ६५ मिनिटं. रोज जाऊन-येऊन ४० मिनिटांचा फरक, कामाच्या २२ दिवसांत जवळपास १५ तास. त्यामुळे उपनगर कोणतं यापेक्षा उपनगरात घर कुठे, याला मी जास्त महत्त्व देईन.

गाड्या अर्ध्या तासाने असतील तर हिशेब बदलतो. वेळापत्रक बघून निघालं की थांबावं लागत नाही, पण एक गाडी हुकली की ३० मिनिटं गेली. म्हणून निदान पाच कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी स्वतः जाऊन पाहा आणि सरासरीबरोबर सगळ्यात वाईट दिवसाचा वेळही लिहून ठेवा. वेळेवर पोचायचं तर घरातून निघायची वेळ तो वाईट दिवस ठरवतो. शिवाय गाडी जिथून सुटते ते स्थानक बघा. दहा मिनिटं लांब असलं तरी बसायला मिळतं, आणि तासभर उभं राहण्यापेक्षा ते बरं.

मोकळा_वारा:
वरच्या हिशेबात एक भर. चेझारे मार्केत्ती या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणसं रोजच्या प्रवासाला सरासरी तासभर देतात. वाहन वेगवान झालं की तो वेळ वाचवण्याऐवजी लांब राहायला जातात. उपनगरं पसरतात ती त्यामुळेच. जागा स्वस्त मिळते ती प्रवासाच्या बदल्यात.

म्हणून उजेडात घरी कोण किती तास असतं ते मोजा. मुलं, आजी-आजोबा, घरून काम करणारे यांना झाडं आणि मोकळी हवा रोज मिळते. सकाळी सातला निघून रात्री आठला परतणाऱ्याच्या वाट्याला फक्त सुट्टीचे दिवस येतात. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येणार असेल, तर माझं मत सरळ उपनगराच्या बाजूने.

शांतता मात्र कानांनी तपासा. वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट झालं तरी आवाज साधारण ३ डेसिबलनेच उतरतो, त्यामुळे ५० ऐवजी १०० मीटर म्हणजे फार काही नाही. मध्ये एखादी इमारत असेल तर फरक जास्त पडतो. रात्री अकरानंतर तिथे उभे राहा, कारण मालगाड्या बऱ्याचदा रात्रीच धावतात. आणि समोरची मोकळी जागा विकास आराखड्यात कशासाठी राखीव आहे ते बघितल्याशिवाय तिच्यावर जीव लावू नका.

नळकोंडाळं:
खर्च फसतो तो दुसऱ्या गाडीपायी. किराणा, औषधाचं दुकान, डॉक्टर आणि शाळा ८०० मीटरच्या आत नसतील तर दुसरं वाहन येतंच, आणि हप्त्यात वाचलेले पैसे इंधन, विमा, दुरुस्तीत जातात. मुलं मोठी झाली की प्रत्येक क्लासला सोडायला-आणायला पालकच.

पाण्याचंही बघा. घर जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असेल तर घर्षणामुळे आणि वाटेतल्या वापरामुळे दाब कमी होतो. सकाळी सातला वरच्या मजल्यावरचा नळ उघडून बघा; दुपारी तो जोरात येतो, त्यावर जाऊ नका. शेवटची गाडी आणि रात्री दवाखान्यात पोचायला लागणारा वेळ, हे दोन्हीही विचारून घ्या.

अंगणवेडा:
खूप उपयोगी. दोघांची ऑफिसं शहराच्या विरुद्ध टोकांना आहेत, मग स्थानक कोणतं धरावं?

रूळवाट:
दोन्ही मार्ग जिथे फुटतात त्या जंक्शनजवळचं. ते जमत नसेल तर मुलांच्या शाळेतून फोन आल्यावर ज्याला धावत यायचं असतं, त्याचा मार्ग सरळ ठेवा आणि गाडी बदलणं दुसऱ्याकडे जाऊ द्या. विकत घेण्याआधी तिथेच सहा महिने भाड्याने राहता आलं तर उत्तम. त्यात पावसाचे दिवस येतील असं बघा.