वेंगर यांचा पुतळा नेमका कोणत्या वर्षांसाठी?

तोफखाना, परभणी

गेल्या आठवड्यात ‘लातूर ०७’ यांनी असे लिहिले की इंग्लंडमधील आर्सेनल या फुटबॉल क्लबचे माजी व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांना पूर्वीचे व्यवस्थापक जॉर्ज ग्रॅहम यांनी घडवलेली बचावफळी आयती मिळाली, तिच्या जिवावर त्यांनी तीन इंग्लिश लीग विजेतेपदे मिळवली, आणि ती माणसे निवृत्त झाल्यावर त्यांनी नुसती खुर्ची सांभाळली. म्हणून २०२३ मध्ये क्लबच्या एमिरेट्स स्टेडियमबाहेर उभारलेला पुतळा त्यांचा नसून क्लबच्या हिशेबनिसाचा असायला हवा होता. मी हे वाचून सोडून देणार होतो, परंतु त्याखाली माना डोलावणाऱ्यांची रांग पाहून राहवले नाही.

त्या बचावफळीतील ॲडम्स, डिक्सन, विंटरबर्न, बोल्ड आणि किओन हे पाचही जण १९९६ मध्ये वेंगर आले तेव्हा तिशी गाठलेले किंवा ओलांडलेले होते. त्यांची पथ्ये बदलली, मद्यपान आटोक्यात आले, सरावाआधी शरीर ताणण्याचे व्यायाम सुरू झाले आणि त्यांतील ॲडम्स व डिक्सन २००२ मध्ये लीग व एफए कप अशी दोन्ही विजेतेपदे जिंकूनच निवृत्त झाले. शिवाय ज्या २००३-०४ च्या हंगामात संघ २६ सामने जिंकून व १२ बरोबरीत सोडवून अपराजित राहिला, त्यातील नेहमीची फळी लॉरेन, टूरे, कॅम्पबेल आणि कोल अशी होती. जुन्यांपैकी एकटा किओन उरला होता, तोही बहुधा बाकावर. मग ग्रॅहम यांची पुण्याई कोठवर पुरवायची?

तथापि माझे खरे म्हणणे वेगळेच आहे. अपराजित हंगामापेक्षाही २००६ ते २०१३ हा काळ मी मोठा मानतो. अडतीस हजार प्रेक्षकांचे जुने मैदान हायबरी सोडून साठ हजारांचे नवे मैदान बांधले गेले, त्याचा खर्च सुमारे ३९ कोटी पौंड होता, आणि कर्ज देताना वेंगर यांनी पाच वर्षांचा करार करावा अशी बँकांची अट होती हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. इकडे चेल्सीत २००३ पासून मालक अब्रामोविच यांचा पैसा होता आणि २००८ पासून मँचेस्टर सिटीत अबू धाबीचा. ऑन्री, फाब्रेगास, नासरी, व्हॅन पर्सी असे खेळाडू एकेक करून विकावे लागत असताना संघ दरवर्षी युरोपातील अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये राहिला. हे काम दुसऱ्या कोणी करून दाखवले असते असे ज्यांना वाटते त्यांनी एक नाव सांगावे.

लातूर ०७

बचावफळीचा मुद्दा मी मोठ्या मनाने आपल्याला बक्षीस देतो. पथ्याच्या उकडलेल्या भाज्यांचा विजय असो. परंतु आपण २०१३ ला येऊन अलगद थांबलात, आणि मला बोलायचे आहे ते तेथूनच पुढे. त्या वर्षी ओझिल या खेळाडूसाठी सव्वाचार कोटी पौंड मोजले गेले, पुढच्या वर्षी बार्सिलोनातून सांचेझ आला, नवे प्रायोजक आले. दारिद्र्य संपले होते. मग २०१५ च्या उन्हाळ्यात चेक हा गोलरक्षक वगळता मोठ्या संघासाठी एकही खेळाडू का घेतला नाही? त्याच हंगामात लेस्टर ८१ गुणांनी विजेते झाले आणि आर्सेनल ७१ गुणांवर दुसरे राहिले. लेस्टर अख्ख्या लीगमध्ये तीनच सामने हरले, त्यातील दोन आर्सेनलकडून! विजेत्याला दोनदा हरवून विजेतेपद घालवणे यालाही प्रतिभा लागते, हे मान्य.

चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश देणारा लीगमधील चौथा क्रमांक हाही एक करंडकच, असे म्हणणारा व्यवस्थापक आपल्याला थोर वाटतो. आमच्याकडे सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षही जुने कर्ज फेडल्याचे सांगत वीस वीस वर्षे पद सोडत नाहीत, आणि सभासद दर वर्षी सर्वसाधारण सभेत टाळ्या वाजवतात. हजाराव्या सामन्यात चेल्सीकडून सहा गोल, २०१७ मध्ये बायर्न म्युनिककडून दोन सामन्यांत मिळून दहा. हीही वर्षे पुतळ्यात धरायची की तेवढी वगळायची?

अंबाजोगाईकर

आपण दोघेही पॅरिस विसरलात. मे २००६, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर बार्सिलोना. अठराव्या मिनिटाला आपला गोलरक्षक लेमानला लाल कार्ड मिळाले आणि राखीव गोलरक्षक अल्मुनियाला आत घेण्यासाठी वेंगर यांनी मधल्या फळीतील पिरेसला बाहेर काढले. ज्या माणसाने क्लबला सहा वर्षे दिली त्याला आयुष्यातील सर्वांत मोठ्या सामन्यात, त्याच्याच देशाच्या राजधानीत, अठरा मिनिटांत बसवले. तो त्याच उन्हाळ्यात व्हियारेयालला निघून गेला यात नवल ते काय!

तो भारनियमनाचा काळ होता. आम्ही वसतिगृहात मध्यरात्रीनंतर सामना पाहत होतो, कॅम्पबेलचा गोल झाला, मध्यंतरानंतर थोड्याच वेळात वीज गेली ती गेलीच. आर्सेनल युरोपचे विजेते झाले असे समजून आम्ही झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भोजनगृहात एका कनिष्ठ विद्यार्थ्याने हसत हसत निकाल सांगितला. त्याला मी अद्याप क्षमा केलेली नाही आणि वेंगर यांनाही नाही.

तोफखाना, परभणी

म्हणजे ज्या सामन्याच्या आधारे आपण वेंगर यांना दोषी ठरवता, त्याचा निर्णायक भाग आपण पाहिलेलाच नाही! दहा खेळाडूंनिशी कोणाला तरी बाहेर काढणे भागच होते. खरा अन्याय शिट्टीचा होता. बार्सिलोनाच्या एटोला लेमानने पाडले तेव्हा चेंडू त्याचा सहकारी ज्यूली याने जाळ्यात मारला होता. पंच हाउगे क्षणभर थांबले असते तर बार्सिलोनाला गोल मिळाला असता, पण आर्सेनल अकरा जणांनिशी बहात्तर मिनिटे खेळले असते. तरीही एटोचा बरोबरीचा गोल ७६ व्या मिनिटाला झाला. त्या स्पर्धेत त्याआधी सलग दहा सामने या संघाने एकही गोल खाल्ला नव्हता, तोही फ्लामिनीसारख्या मध्यरक्षकाला डाव्या बगलेवर उभे करून, रेआल माद्रिद आणि युव्हेंटस यांच्यासमोर. हे ‘लातूर ०७’ यांनीही वाचावे, कारण ही फळी ग्रॅहम यांची नव्हती.

अंबाजोगाईकर

वीज माझ्या हातात नव्हती, साहेब, आणि तिच्यावरून कोणाला हिणवणे परभणीकराला तरी शोभत नाही. सामना मी नंतर अनेकदा पूर्ण पाहिला आहे. बरोबरीच्या दोनच मिनिटे आधी फाब्रेगासला काढून फ्लामिनीला आणले, हेही आपल्या वेंगर यांचेच काम. तिकडे बार्सिलोनाचे व्यवस्थापक राइकार्ड यांनी लार्सनला आणले आणि त्याने दोन्ही गोल घडवले. एका व्यवस्थापकाने बदली खेळाडूच्या जोरावर सामना जिंकला, दुसऱ्याने घालवला.

रेड नांदेडकर

मँचेस्टर युनायटेडचा समर्थक या नात्याने हा कौटुंबिक कलह पाहताना अतीव समाधान होत आहे. ४९ सामन्यांची अपराजित मालिका ऑक्टोबर २००४ मध्ये कोठे संपली, ऑगस्ट २०११ मध्ये आठ गोल कोठे बसले, आणि २०१२ मध्ये २.४ कोटी पौंडांना विकलेल्या व्हॅन पर्सीने २६ गोल करून पहिल्याच हंगामात लीग कोणाला जिंकून दिली, याची उजळणी मी करत नाही. मात्र पिरेसच्या बाबतीत वेंगर चुकले नाहीत असे नाइलाजाने म्हणावे लागते. दहा जणांनी बचाव करायचा असताना पिरेस मैदानावर ठेवणे म्हणजे नऊ जणांनी खेळणे होते.

तोफखाना, परभणी

४९ वा सामना संपल्यावर पन्नासाव्यात रूनीला मिळालेल्या पेनल्टीविषयी आपण बोलला नाहीत, हे आपल्या संस्कारांना धरूनच झाले. बाकी आपल्या साक्षीबद्दल आभार; अशी वेळ पुन्हा न येवो.

क्रीडाशिक्षक, उदगीर

पॅरिस पुरे झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये हेच वेंगर फिफाचे जागतिक फुटबॉल विकासप्रमुख म्हणून भुवनेश्वरला आले होते आणि तेथे फिफा व भारतीय महासंघाच्या अकादमीचे उद्घाटन झाले, याचा उल्लेख कोणीही केला नाही. मी शाळेतील मुलांना शिकवतो. सामन्याआधी काय खावे आणि नंतर स्नायू कसे ताणावेत हे मी त्यांच्या पद्धतीवरून उचलले, आणि पालकसभेत मला विचारण्यात आले की मुलांना शेंगदाणे व केळी देऊन दहावीचे गुण वाढणार आहेत का. आपण करंडक मोजत बसला आहात. अनेल्काला पाच लाख पौंडांत घेऊन दोन कोटींहून अधिक किमतीला विकणारा आणि त्या व्यवहारानंतर सरावाचे आधुनिक मैदान उभे करून घेणारा व्यवस्थापक मला कोणत्याही करंडकापेक्षा मोठा वाटतो, कारण आमच्याकडे निधी आला की प्रथम प्रवेशद्वाराची कमान उभी राहते.

लातूर ०७

सरांचा मुद्दा ऐकून मी पुतळ्यावरील हरकत मागे घेतो. कमानीपेक्षा पुतळा बरा. परंतु मे २०१४ मध्ये हल या संघाविरुद्ध दोन गोलांनी मागे पडून एफए कप जिंकला, नऊ वर्षांचा उपवास सुटला, त्या संध्याकाळी वेंगर यांनी निरोप घेतला असता तर ही चर्चाच झाली नसती. पुढची चार वर्षे त्यांनी आपल्याच हाताने आपल्या समर्थकांना ‘पद सोडा’ असे फलक रंगवायला लावले.

तोफखाना, परभणी

त्या चार वर्षांत आणखी दोन एफए कप आले, २०१५ चा आणि २०१७ चा, आणि दुसरा तर त्या वर्षीच्या लीग विजेत्या चेल्सीला हरवून. एकूण सात, त्यांच्याइतके एफए कप दुसऱ्या कोणत्याही व्यवस्थापकाच्या नावावर नाहीत. लेस्टरच्या हंगामाचे मात्र माझ्याकडेही उत्तर नाही. तो उन्हाळा वाया गेला हे मी लिहून देतो, पण आपल्यालाच देतो, नांदेडला नाही.

अंबाजोगाईकर

सर्वांचे समाधान झालेले दिसते. पिरेसच्या जागी कोणाला काढायचे होते, हे मात्र मला एकानेही विचारले नाही. ह्लेबला. त्याला ८५ व्या मिनिटापर्यंत ठेवले होते.